राजीनामा दिलास, मग आता खाणार काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातली अकाउंट्सची नोकरी सोडली. नऊ वर्षं पाच महिने केली होती. (हे पाच महिने लक्षात ठेवा, पुढं मी त्यांच्यावरून रडणार आहे.) तेव्हापासून वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर आणि उरलेले सोलापुरात, असं चाललंय. इथं असले की रिक्षावाल्यापासून मामेबहिणीच्या डोहाळजेवणापर्यंत सगळीकडं तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार.

ऑफिसात काही लफडं झालं होतं का?

नाही हो. साहेब भले होते, पगार सात तारखेच्या आत व्हायचा, दिवाळीला बोनस आणि टॉवेलचा सेट मिळायचा. नऊ दिवाळ्यांचे नऊ सेट, त्यातले सहा अजून न फोडता ट्रंकेत पडलेत.

सोडायचं कारण एवढंच की मला फिरायचं होतं आणि वर्षाच्या रजेत ते मावत नव्हतं. २०१९ साली तीन दिवस हंपीला गेले होते. पहिले दोन दिवस यादीतली देवळं उरकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तुंगभद्रेच्या काठी नुसती बसले, तेव्हा कुठं ते गाव डोळ्यांत भरायला लागलं, तर रात्री परतीची गाडी. सोमवारी सकाळी साडेनऊला टेबलावर डेबिट नोटांचा गठ्ठा. ते डोक्यातून गेलंच नाही.

लोक म्हणतात, "पर्मनंट नोकरी सोडलीस?" आमच्या घरात हा शब्द जरा वेगळा ऐकू येतो. आण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम कामगार होते. मी तिसरीत असताना गिरण बंद पडली. भोंगा वाजायचा थांबला, तरी आण्णा कितीतरी दिवस त्याच वेळेला उठून ओट्यावर बसायचे. देणी मिळाली ती वर्षं लोटल्यावर, तुकड्यातुकड्यानं. त्यामुळं मी राजीनाम्याचं काढलं तेव्हा आई रडली, दादा ओरडला आणि आण्णांनी एकच विचारलं: "पैसे मोजलेस का?"

मग किती मोजले होते?

पीएफ सोडून माझ्याकडं ६,८०,००० रुपये होते. त्यातून आधी दोन रकमा बाजूला काढल्या. १,००,००० परत आल्यावर नोकरी शोधेपर्यंत जगायला. १,५०,००० आई-आण्णांच्या दुखण्याखुपण्याला. दोन्हींच्या वेगळ्या एफडी केल्या. उरले ४,३०,०००. महिना १८,००० धरला तर चोवीस महिन्यांना थोडे कमी.

लोक उलटं करतात. आधी सगळी रक्कम भागिले महिन्याचा खर्च, आणि "तीन वर्षं फिरता येतंय की!" म्हणून उड्या. त्या भागाकारात परतीचे दिवस नसतात आणि घर तर नसतंच. तुमच्या आकड्यातून या दोन रकमा काढल्यावर वर्षभराचाही खर्च उरत नसेल, तर अजून थोडं थांबा. ऑफिस कुठं पळून जात नाही.

१८ हजारांत भागतं कसं? आमचं तर गोव्यात चार दिवसांत तेवढं उडतं.

चार दिवसांत उडतं, कारण चारच दिवस असतात. हे मलाही आधी कळलं नव्हतं. मी वही ठेवते, सवय जात नाही, तर त्या वहीतले दोन महिने दाखवते.

नोव्हेंबर २०२२, पहिला महिना, हौसेचा. तीस दिवसांत अकरा गावं. रेल्वे-बस-रिक्षा ९,८००. मुक्काम ११,२००. जेवण ७,९००. तिकिटं, लॉकर, हरवलेली चप्पल वगैरे २,७४०. एकूण ३१,६४०. ती बेरीज मारली त्या रात्री मी जयपूरच्या एका डॉर्मिटरीत वरच्या बंकवर मोबाइलचा टॉर्च लावून बसले होते. याच वेगानं गेलं तर चौदाव्या महिन्यात खेळ खलास होता.

फेब्रुवारी २०२३. कांगडा खोऱ्यातलं एक खेडं, महिनाभर तिथंच. खोली ६,५००, स्वयंपाकघर सामायिक. जेवण आणि चहा ५,१००. आसपासच्या बस १,१५०. मोबाइल ३००, साबण-औषधं ४५०, किरकोळ ७००. एकूण १४,२००. त्यात पालमपूरचे चहाचे मळे झाले, धौलाधारवर बर्फ पडलेलं पाहून झालं आणि घरमालकिणीकडून चण्याचा मद्रा, म्हणजे दह्यातली उसळ, शिकून झाला.

खोलीचं भाडं रोजच्या हिशेबानं विचारलं तर ७०० सांगतात, महिन्याचं विचारलं तर साडेसहा हजारांवर येतात, सीझन नसेल तर अजून खाली. रोज बाहेर जेवायचं की कुकर लावायचा, हेही महिनाभर राहिलं तरच आपल्या हातात येतं. पैसा हलण्यात जातो. म्हणून आता मी वर्षाला सहा-सात गावं करते, बस्स. एका गावात किमान तीन आठवडे.

पीएफ काढून घेऊ का?

माझं मत विचाराल तर हात लावू नका. पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. पाच वर्षं झाली असतील तर ती अडचण नाही, पण ते पैसे हातात आले की फिरण्यातच जाणार. खात्यात राहिले तर व्याज मिळत राहतं. फक्त नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर आहे, रिटर्नमध्ये दाखवायचा.

पेन्शनच्या भागाचं वेगळं आहे. पेन्शन मिळायला दहा वर्षं नोकरी लागते. त्याआधी सोडलीत तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे पुढं कधी नोकरी केलीत तर ती वर्षं यात जोडली जातात. मी तेच घेतलंय.

काढा किंवा ठेवा, पण गाव सोडायच्या आधी तीन गोष्टी बघा: यूएएनला, म्हणजे पीएफच्या नंबराला, आधार-पॅन-बँक जोडलंय का, नावाचं स्पेलिंग सगळीकडं एक आहे का, आणि कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का. ती कंपनीनं भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्याला ऑनलाइन भरता येते. माझी तारीख भरलेली नव्हती. मी भरायला बसले तर ओटीपी गेला जुन्या सिमवर, आणि ते सिम सोलापुरात ड्रॉवरमध्ये, रिचार्ज न केल्यामुळं मेलेलं. नव्वद दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो. आधारला जोडलेला नंबर जिवंत ठेवा. लई छोटी गोष्ट आहे, पण माझ्या दोन खेपा तिच्यापायी झाल्या.

ग्रॅच्युइटी मिळते का?

पाच वर्षं सलग झाली असतील तर मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझा मूळ पगार १८,०००, वर्षं नऊ, आले ९३,४६१ रुपये.

आता ते पाच महिने. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. मी आणखी दीड महिना खुर्चीवर बसले असते तर नऊची दहा वर्षं झाली असती आणि १०,३८४ रुपये जास्त आले असते. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे तक्ते करणाऱ्या बाईनं स्वतःचा तक्ता केला नाही. का, तर कार्तिकात पुष्करचा मेळा होता आणि मला उंट बघायचे होते. दहा हजारांचे उंट. आमच्या साहेबांनी हे आठवडाभर सगळ्या ऑफिसला सांगितलं.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि पगाराची व्याख्या बदललीय, त्यामुळं तुमचा आकडा नुसत्या मूळ पगारावर काढू नका. अकाउंट्सवाल्यांना चहा पाजा आणि राजीनाम्याची तारीख त्यांच्यासोबत बसून ठरवा.

आरोग्य विमा?

ऑफिसचा विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःचा आधीच घ्या, राजीनाम्याच्या दोन-तीन महिने आधी, कारण नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून बाकी आजार धरत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ऑफिसच्या गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, ते एचआरला विचारा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढं तरी स्वस्त. हा प्रश्न टाळून फिरायला निघणाऱ्याला मी धाडसी वगैरे म्हणत नाही.

डोक्यावर कर्ज असेल तर?

आधी फेडा. फोनवर वसुलीवाले असताना मोनॅस्ट्रीत बसून काय करणार?

फिरता फिरता कमावता येतं का? व्हिडिओ वगैरे?

व्हिडिओतून कमावणारे असतील, मी त्यातली नाही. मला कॅमेऱ्यासमोर "नमस्कार" पण धड म्हणता येत नाही.

मी तीन दुकानांची जीएसटीची कामं करते. तिघेही सोलापूरचे, एक चाटी गल्लीतला कापडवाला, एक टॉवेलचा होलसेलवाला, एक शेंगाचटणी बनवणारी ताई. प्रत्येकी चार हजार, म्हणजे महिन्याला बारा. बिलं व्हॉट्सॲपवर येतात, मी लॅपटॉपवर भरते. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख या दोन दिवशी मी कुठंही असले तरी चांगल्या नेटवर्कमध्ये असते, कारण विक्रीचं विवरण अकराला आणि ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण, वीसला. लोक पौर्णिमा-अमावास्या बघून प्रवास आखतात, माझा प्रवास या दोन तारखांवर चालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा मी गोकर्णाला होते. अख्खा किनारा समोर, आणि मी खोलीत पंखा लावून तिन्ही दुकानांच्या बिलिंगमधले दर बदलत बसलेले. हेही सांगायला हवं. समुद्रकिनारी बसून काम करणं दिसायला गोड असतं, पण स्क्रीनवर ऊन पडलं की आकडे दिसत नाहीत.

तुम्हाला जे येतं तेच लांबून करता येतंय का ते बघा आणि नोकरी असतानाच एक गिऱ्हाईक धरा. काही हॉस्टेलांत दिवसाचे चार-पाच तास काम केलं की बेड फुकट देतात. मी एकदा केलं, चादरी बदलायचं काम. सोलापूरची मुलगी, चादरींपासून सुटका नाही.

रेल्वेचं कसं जमवतेस? स्लीपर मिळतो?

आधी एक गोष्ट. सोलापूर फिरणाऱ्यासाठी किती सोयीचं आहे, हे सोलापूरकराला कळत नाही. मुंबई-चेन्नईच्या मुख्य लाइनवर आपण. कर्नाटक एक्स्प्रेस गाडी न बदलता नवी दिल्लीला नेते, कोणार्क एक्स्प्रेस भुवनेश्वरला, उद्यान बंगळुरूला. विजापूर तर शेजारीच, तिथून खाली गदगच्या वाटेनं हंपी.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. वेटिंगवर स्लीपरमध्ये घुसायचे दिवस गेले, उतरवतात. पण आपल्याला घाई नसते, हीच आपली श्रीमंती. शुक्रवारचं नाही तर मंगळवारचं मिळतं.

फार कमी लोकांना माहीत असलेली चीज म्हणजे चक्राकार प्रवासाचं तिकीट. जिथून निघालात तिथंच परत यायचं, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरायचं, आणि सगळं अंतर एकाच लांब प्रवासासारखं मोजतात. अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरत जातो, म्हणून सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. हे ॲपवर मिळत नाही, मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो. सोलापूर रेल्वेच्या विभागाचं मुख्यालयच असल्यानं आपलं काम गावातच होतं. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण मात्र वेगळं करावं लागतं. मी अर्ज नेला तेव्हा खिडकीवरचे काका चष्मा वर करून म्हणाले, "हे कोण मागत नाही आता, कुठनं कळलं तुला?" आणि मग स्वतःच अर्धा तास बसून माझा मार्ग दुरुस्त करून दिला.

कन्फर्म तिकीट असेल तर स्टेशनच्या विश्रामगृहातली खोली किंवा डॉर्मिटरी बुक करता येते. पहाटे तीनला उतरणाऱ्या बाईसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि एसटी?

महाराष्ट्रात फिरायचं असेल तर एसटीची "आवडेल तेथे प्रवास" योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास. पण मार्च २०२३ पासून आम्हाला तसंही अर्धंच तिकीट लागतं, त्यामुळं मी पास काढतच नाही. पुरुषांनी काढावा.

फुकट नाही का फिरता येत? गुरुद्वारे आहेत, धर्मशाळा आहेत, नर्मदा परिक्रमा आहे.

हा प्रश्न आला की मी जरा तिरकी होते.

अमृतसरला हरमंदिर साहिबच्या सराईत मी दोन रात्री राहिलेय, लंगरात जेवलेय. तिथं जेवल्यावर मागं भांडी घासायला बसायचं असतं. ते कुणी सांगत नाही, आपल्याला कळायला हवं. शेकडो ताटांचा तो खणखणाट कानात घेऊन दोन तास घासली, हात सुरकुतले. माझ्या शेजारी लुधियान्याच्या एक आजी होत्या, त्यांचा वेग माझ्या तिप्पट. पण महिन्याच्या बजेटमध्ये "जेवण: लंगर, शून्य" असं लिहिणाऱ्यांना भेटले की मला चीड येते. तो कुणीतरी श्रद्धेनं घातलेला घास आहे, आपल्या खर्चातली बचत नाही.

परिक्रमेचंही तेच. नर्मदेच्या काठाला सदावर्त आहेत, परिक्रमावासीयांना गावोगाव शिधा मिळतो, हे खरं. आपल्याकडं आषाढीला शेगावची पालखी सोलापुरातून जाते तेव्हा गल्लीगल्लीत पंगती उठतात, तसंच. ज्याला चालायचंय त्यानं जरूर चालावं, मलाही एकदा ओंकारेश्वरहून निघायचंय. पण पैसे वाचतात म्हणून परिक्रमा करू नका.

धर्मशाळा आणि भक्तनिवास तिथल्या दराप्रमाणं पैसे देऊन घ्यावेत. स्वच्छ असतात, स्वस्त असतात, आणि संध्याकाळी सातला जेवण तयार.

एकटी बाई. भीती नाही वाटत?

वाटते. भीती वाटली की उठून निघून जाते, संकोच करत नाही. हे शिकायला मला वर्ष लागलं, कारण "त्यांना काय वाटेल" हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

माझे नियम थोडेच. नव्या गावात उजेडात पोहोचायचं. पहिली रात्र आधीच ठरलेली पाहिजे, दुसरी तिथं जाऊन बघायची. रिक्षात बसले की मराठीत मोठ्यानं फोन, "हो दादा, पोचतेच", पलीकडं कुणी असो-नसो. गाडीत त्रास झाला तर १३९, बाकी कुठंही ११२. खोलीची आतली कडी नीट लागत नसेल तर पैसे बुडाले तरी बदलायची. २०२३ मध्ये एका गावात मी असेच दोन रात्रींचे पैसे सोडले. वहीत त्याची नोंद "कडी" अशी आहे.

जेवणाचे हाल होत नाहीत?

कडक भाकरी! पुण्या-मुंबईच्या लोकांना ती पापडासारखी वाटते, पण प्रवासाला हिच्यासारखं अन्न नाही. ज्वारीची किंवा बाजरीची, पार वाळवलेली, ओल लागू दिली नाही तर कित्येक दिवस टिकते. मी सुती पंचात वीस गुंडाळून नेते, वर शेंगाचटणीची पुडी. हिमाचलात घरमालकिणीच्या राजम्यात कडक भाकरी कुस्करून खात होते, तर तिचा सहा वर्षांचा मुलगा आवाज ऐकून धावत आला. बिस्किट समजला. चटणीला बोट लावलं आणि हातातली भाकरी टाकून पाण्याकडं पळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

सोलापुरी चादर नेतेस का?

नाही. जड आहे. आणि आपला जाड टॉवेलही नेत नाही, केरळच्या पावसात तो तीन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. पातळ पंचा नेते. कारखान्यातल्या कुणाला सांगू नका.

पण आपल्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा "चादर!" म्हणतोच. गुवाहाटीच्या बाजारात म्हणाला, त्रिवेंद्रमच्या रेल्वेत म्हणाला.

परदेशात का नाही जात?

नेपाळला गेलेय, महिनाभर. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. नुसतं आधार घेऊन जाऊ नका, माझ्यासमोर एका कुटुंबाला सीमेवर अडवलं होतं. भूतानचा विचार केला, पण भारतीयांनाही रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे. दहा रात्री म्हणजे माझ्या अख्ख्या महिन्याची कमाई. पुढं कधीतरी व्हिएतनाम, ई-व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो आणि तिथं महिनाभर राहणं स्वस्त पडतं म्हणतात.

पासपोर्ट नोकरी असतानाच काढून ठेवा. सोलापुरात पोस्टातच सेवा केंद्र आहे, पुण्याला जावं लागत नाही. पोलीस पडताळणीला पत्त्यावर हजर राहावं लागतं, आणि पुढं आपणच पत्त्यावर नसतो.

अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर इथं आपल्याच देशात असून इनर लाइन परमिट लागतं. आधी काढा.

लग्नाचं काय?

पुढचा प्रश्न.

आई-वडिलांना सोडून जाताना काही वाटत नाही?

हा खरा प्रश्न आहे. बाकीचे सगळे मी हसत हसत सांगते.

फेब्रुवारी २०२४. मी माजुलीला होते, आसामात, ब्रह्मपुत्रेतल्या बेटावर. एका सत्राजवळ, म्हणजे तिथल्या वैष्णव मठाजवळ, खोली घेतली होती, मुखवटे बनवणाऱ्यांकडं रोज जाऊन बसायचे. दुपारी साडेचारला दादाचा फोन. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की बॅरल, टाकी, घागरी, कळश्या, सगळं भरायचं. फरशी ओली होणारच. इतकी वर्षं पाण्याच्या दिवशी पाइप मी ओढायचे. मी गेल्यावर तो आई ओढायला लागली, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. रोज साडेआठला फोन व्हायचा, जेवलीस का, थंडी आहे का.

शेवटची फेरी गेली होती. रात्रभर बेटावर. सकाळी पहिल्या बोटीनं निमाती घाट, तिथून जोरहाट, तिथून बसनं गुवाहाटी, विमानानं पुणे, पुण्याहून पुन्हा बस. घरून निरोप आला तेव्हापासून दवाखान्याच्या दारात पाय ठेवेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. ऑपरेशन झालं होतं. दादा पुण्याहून पाच तासांत पोचला होता. तो काही बोलला नाही, नुसता चहा घेऊन आला. तो चहा मला अजून आठवतो, गार झालेला, कागदी कपात.

बिल झालं १,८२,०००, दादानं निम्मं घातलं, माझं निम्मं त्या दीड लाखाच्या एफडीतून. ती एफडी नसती तर मी काय केलं असतं हे माहीत आहे: दादाकडं मागितले असते, आणि वहिनीसमोर मान खाली घातली असती. चार महिने घरी राहिले. आई काठीवरून बिनकाठीवर आली तेव्हा तिनंच विचारलं, "आता कुठं जाणार बे?" "बे" आमच्याकडं दोस्तादोस्तांत चालतं, आई मला कधी म्हणत नाही, पण त्या दिवशी म्हणाली.

तेव्हापासून कुठंही पोचले की पहिलं गणित एकच: इथून सोलापूर किती तासांत? चोवीसच्या आत बसत नसेल तर तिथं महिना काढत नाही, आठवडाभरात परत मुख्य रस्त्याला. आणि पाण्याच्या दिवशी बॅरल भरायला गल्लीतला एक पोरगा येतो, महिन्याला ५०० रुपये. वहीत मी ते "घरखर्च" असं लिहीत नाही. "प्रवास" या सदरात लिहिते, रेल्वेच्या तिकिटांच्या वर.

कंटाळा येत नाही?

येतो की. पाऊस लागून राहिलाय, खोलीत एकटी, भाषा येत नाही, रविवार. ऑफिसातल्या डब्याच्या वेळेची आठवण येते. सहा जणींचे डबे आणि एकीच्या सासूचं पुराण. तसं काही बाहेर मिळत नाही. मग मी वीस तारखेचं काम अठराला करून टाकते.

परत नोकरी मिळेल का? गॅप विचारतात ना.

विचारतात. तीन दुकानांचं काम चालू आहे म्हणून माझा तसा गॅप नाही, बायोडेटात "स्वतंत्र काम" लिहिते. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र सोडतानाच हातात घ्या, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मेलवर उतरवून ठेवा. कंपनीशी भांडून निघू नका. नोटिस पिरियड पूर्ण करा, जागेवर आलेल्याला काम नीट शिकवा. माझ्या जागेवर आलेला मुलगा अजून अधूनमधून फोन करतो. साहेब म्हणालेत, कधीही ये. ते खरं की बोलायचं, ते मला अजून तपासायचं नाही.

आत्ता कुठं आहेस?

सोलापुरात. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा बघून निघणार, कोणार्कचं तिकीट काढलंय, ओडिशात चिलकाच्या बाजूला महिनाभर. हे जरा लांब आहे, पण भुवनेश्वरहून विमान धरून चोवीस तासांत बसतं, मोजलंय.

अजून प्रश्न बरेच आहेत, पण आज पाण्याचा दिवस आहे आणि बॅरलवाल्या पोराची उद्या परीक्षा. नऊला नळ येतो. पाइप कुठं ठेवलाय ते शोधते आधी.